समजा, दर्यात आजारी पडलो तर

“समजा…” एवढं म्हणून ते थांबायचे. उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवायचे, पाण्यावरच्या होडीसारखा हळूच डोलवायचे आणि मग प्रश्न टाकायचे. तो हात डोलायला लागला की मी जेवणाचा डबा परत पिशवीत ठेवत असे.

डहाणू स्टेशनजवळ माझं विम्याचं छोटंसं ऑफिस आहे. तलासरीपासून सायवनपर्यंत माझी गिऱ्हाइकं पसरलेली. विमा विकणाऱ्या कुणालाही विचारा, लोक सहसा प्रश्न विचारत नाहीत. गंजाडला कुणाच्या ओटीवर बसून मी तासभर घसा कोरडा करते आणि शेवटी ते एवढंच विचारतात, “मिळतील ना नक्की?” मी हो म्हणते, सही होते, चहा येतो. जवळच्या आगर या मच्छीमारांच्या गावचे हे गृहस्थ मात्र त्यातले नव्हते.

सगळं गाव त्यांना तांडेल म्हणे. मासेमारीच्या बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. बोट आता पुतण्याकडे गेली होती, पण हाक तीच राहिली होती. चारचौघांत त्यांची बायकोसुद्धा त्यांना तांडेलच म्हणायची. मी काका म्हणत असे आणि ते मला ‘बाय’ म्हणत.

२०१७ सालची गोष्ट. त्यांची मुलगी परदेशात नर्स आहे. तिनं आई-बापांसाठी सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली आणि मला फोन केला, “ताई, अप्पांना बीपी आहे. जहाजावरचं आजारपण धरून पॉलिसी काढा.” दुसऱ्याच दिवशी काका-काकू ऑफिसात हजर. बाहेर चपला काढल्या, आत आल्यावर खिडकीचा पडदा कुठल्या बाजूला हलतोय ते काकांनी आधी बघून घेतलं, मग बसले.

“बाय, उभा जन्म दर्यात काढला, पण तिकीट काढून कधी नाय गेलो.”

मी समजावायला सुरुवात केली. आपली इथली मेडिक्लेम देशाबाहेर चालत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण त्याचं बिल आपल्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि ते भलतंच असतं. म्हणून वेगळी प्रवासाची पॉलिसी. तीत जहाजावरचे उपचार येतात, गरज पडली तर किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात हलवण्याचा खर्चही येतो. एवढं झालं आणि तळहात टेबलावर आला.

“समजा, दर्याच्या मधी आजारी पडलो. तर कुठल्या देशात आजारी पडलो म्हणायचं?”

इतकी वर्षं मी हा धंदा करते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी शाखेत फोन लावला. शाखेतल्या साहेबांनी “होल्ड करा” म्हणून मुंबईला लावला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं की देश कुठलाही असो, भारताबाहेर असलं म्हणजे झालं. काकांचं त्यावर पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

“समजा, डॉक्टरलाच बोट लागली, ओकायला लागला तर?”

“काका, तो रोज जहाजावरच असतो.”

“आमच्याकडे रोज असणाऱ्यांना पण लागते. समजा, हेलिकॉप्टर बोलावलं, तर ते उतरणार कुठं? आणि समजा मेलोच, तर दर्यात सोडतात की घरी आणतात?”

“शुभ बोला जरा!” काकू करवादल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “आणतात ना पण?”

पॉलिसीत तेही होतं. मी तसं सांगितल्यावर दोघांचेही चेहरे सैल झाले.

शेजारचे किराणावाले शेठ रिकामे असले की माझ्या दारात उभे राहून सल्ले देतात. बीपीचा विषय निघताच ते म्हणाले, “बीपीनुं ना लखो, बेन. हप्ता वधी जशे.” काकांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. “लिही बाय. रोज खातो, ही बघ. लपवायचं काय त्यात?” शेठ हसत दुकानात गेले. मी लिहिलं, हप्ता थोडा वाढला.

मग मलाही चौकशीचा रोग लागला. मी विचारलं, “काका, तुमच्या बोटीवर कुणी आजारी पडलं तर?”

“तोंड वळवायचं बोटीचं. जाळं अर्धं पाण्यात असलं तरी वर ओढायचं आणि घर गाठायचं. डिझेल फुकट, बर्फ फुकट, सगळ्यांची फेरी फुकट. पण कोण एक शब्द नाय बोलायचा. आणि आजारी माणसाचा वाटा कापायचा नाय.”

तलासरीकडचा एक खलाशी होता त्यांच्याकडे. त्याच्या पोटात भयंकर कळा आल्या म्हणून काकांनी भर हंगामात बोट वळवली. ऑपरेशन झालं, माणूस वाचला. “पण बाय, तो नंतर मान वर करून जेवला नाय आमच्यात. सगळ्यांच्या आधी उठायचा, दुसऱ्याचं काम करायचा. मी बोलायचो, अरे, कोण काय बोललं तुला? तर रडायचा.” हे सांगताना काकांचा हात स्थिर होता.

डिसेंबरात दोघं गेली. जहाजावरून काकूंचे फोटो मला यायचे. सगळ्या फोटोंत काका कठड्याला धरून, कॅमेऱ्याकडे पाठ. पुढची हकीकत मला काकूंनी सांगितली आणि मधे मधे काकांनी दुरुस्त्या केल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका जेवणाच्या हॉलमधून लवकर उठले. पापलेट म्हणून जे वाढतात ते पापलेटच नसतं, असं आल्या दिवसापासून त्यांचं म्हणणं होतं, त्यामुळे काकूंना त्यात विशेष वाटलं नाही. खोलीत येऊन बघतात तर हे पलंगाच्या कडेला बसलेले, सदरा घामानं भिजलेला.

“काय होतंय?”

“काय नाय. बोट लागली.”

काकू मला सांगताना उठून उभ्या राहिल्या. “बघ ना तू! लग्न झाल्यापासून ज्याला वादळात कधी बोट लागली नाय, लोकांना लागली तर हसला, तो मला सांगतो बोट लागली! आणि तिथं तर पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. तेव्हाच मी समजले, हा मरायला बसलाय.”

त्या अनवाणीच बाहेर धावल्या. खोल्या आवरणारी गोव्याची एक बाई समोर दिसली, तिचा हात धरला आणि मराठीत ओरडल्या. तिला सगळं कळलं. डॉक्टर आला, इंजेक्शन झालं, छातीला वायरी लागल्या. हृदयविकाराचा झटका होता. आणि तशा अवस्थेत आमचे तांडेल त्या गोव्याच्या बाईला सांगत होते, “कप्तानाला बोल, बोट वळवू नका. पोराबाळांना घेऊन आलेत लोक.”

तुम्हाला आता कळलं असेल. इतके ‘समजा’ विचारणाऱ्या माणसानं हा एकच प्रश्न विचारला नव्हता, कारण याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. माणूस आजारी पडला की बोट वळते. एवढं थोरलं जहाज, हजारो माणसं, कुणी आयुष्यभर साठवून आलेलं, आणि ते सगळं आपल्या छातीपायी मागे फिरणार. दोन मजले खाली डॉक्टर होता, पॉलिसी काढलेली होती आणि हे तोंड मिटून बसले होते.

ती बाई म्हणाली, “आजोबा, जहाज कशाला वळतंय? सकाळी आपण पेनांगला लागतोच.”

सकाळी त्यांना पेनांगच्या हॉस्पिटलात नेलं. शुद्धीवर आल्यावर काकूंना त्यांनी पहिलं विचारलं, “बोट गेली?”

“गेली.”

“वेळेवर?”

“वेळेवर.”

मग ते झोपले. ही गोष्ट सांगून झाली तेव्हा काकू चहा करायला आत गेल्या आणि काका माझ्याकडे वाकले. “बरं वाटलं बाय, वेळेवर गेली ते. कोणाचं नुकसान नाय झालं. पण खरं सांगू? जरा वाईट पण वाटलं. कोणी हात पण नाय केला.”

मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी पिशवीत रुमाल शोधत बसले.

दावा मंजूर झाला. बीपी आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे फारसा वाद झाला नाही. शेठना मी ते दोनदा ऐकवलं. काका नंतरही येत, पडद्याकडे बघत, बसत. एकदा हात टेबलावर ठेवून म्हणाले, “समजा, माणसानं सांगितलंच नाय, दुखतंय म्हणून. तर विमा काय करतो?”

“काही नाही करू शकत, काका.”

“तेच बोलतो मी,” असं म्हणून ते हसले.

२०१९च्या हंगामात, एका पहाटे, ते घरीच वारले. या वेळी काकूंना उठवून सांगितलं होतं, पण रिक्षा येईपर्यंत संपलं. मी आगरला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती, बहुतेक म्हातारी. तरणे सगळे दर्यात. पुतण्याही दर्यात. काकांचे धाकटे भाऊ सगळ्यांना सांगत होते, “दादा बोलून गेलाय, माझ्यासाठी कोणाला वळवू नका. बोटी परवा येतील तेव्हा येतील. आपण उरकून घेऊ.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तांडेलचा शब्द होता.

काकू उठल्या. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात वायरलेस आहे, तिथं चालत गेल्या. मीही मागून गेले. तिथल्या माणसानं उठून त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. माइक हातात घेतला.

“तांडेल गेला,” त्या म्हणाल्या. “बोटी वळवा.”

दुपारी ओहोटी लागली होती. आगरला पाणी हटलं की फार लांब हटतं, बोटी किनाऱ्याला लागत नाहीत. काका ओटीवर तिरडीवर होते आणि आम्ही सगळ्या बायका वाळूत उभ्या होतो. बोटी एकामागून एक आल्या, दूर नांगर टाकून थांबल्या. खलाशी कमरेभर पाण्यात उतरले आणि चिखल तुडवत गावाकडे चालत आले. कुणाच्याही डोक्यावर मासळीची टोपली नव्हती.