कूलरची तहान

बसा, चहा निवेपर्यंत सांगतो. चांगलं काम करायला निघालेला माणूस किती मूर्खपणा करू शकतो, हे पाहायचं असेल तर लांब जाऊ नका. मी समोर बसलो आहे ना!

मूर्तिजापूरजवळ आमचा भाजीचा मळा. गावाच्या फाट्यावर एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली माझी बायको सुमन दर उन्हाळ्यात पाण्याचे दोन रांजण ठेवायची. ती गेली, तरी मी भरत राहिलो. बाजाराच्या दिवशी गयाबाई तिथं थांबायची. पलीकडच्या गावाहून डोक्यावर वांग्यांचं टोपलं घेऊन पायी यायची. दोन गिलास पाणी प्यायची, तोंडावर हबका मारायची आणि पुढे निघायची.

गेल्या उन्हाळ्यात नात आली. वर्षा, अमरावतीला कॉलेजात शिकते. म्हणाली, "आबा, दान करून आपल्या मनाले बरं वाटते, तेवढ्यानं भागत नाही. हेच रांजण कुठं ठेवले तर लोकायच्या जास्त कामी पडतीन, ते पाहा लागते."

"कसं पाहू बाई?"

"दोन गोष्टी करा. मोजा, अन् लोकायले विचारा."

पटलं मला. चौथी शिकलोय, मोजता येतं. पण विचारणं? अहो, मला बोलायला वेळ लागतो. मी तोंड उघडेपर्यंत माणूस पाणी पिऊन पुढच्या गावी पोचलेला असतो! म्हणून मी मोजलं, आणि विचारायचं राहू दिलं.

निंबाखाली दिवसाला दहा-बारा गिलास भरले. एवढेच? मग दोन्ही रांजण ऑटोत घातले आणि मूर्तिजापूरच्या बाजारात नेऊन ठेवले. पाण्याचीही सोय चांगली होती, वीस पावलांवर नळ. मागच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायला बसलो. एक गिलास, एक रेघ.

काय सांगू तुम्हाला! दुपारपर्यंत अर्धी भिंत भरली. रांजण चार-चारदा भरावे लागले. खांदे भरून आले, पण छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं. वर्षाला फोन लावला, "पोरी, भिंत पुरून नाही राहिली!"

बाजाराच्या दिवशी ती पाहायला आली. जरा वेळ माझ्याशेजारी बसली. मग हळूच म्हणाली, "आबा, तो माणूस बादली काहून भरून राहिला?"

"त्याच्या घरी माणसं जास्त असतीन."

"त्याच्या किती रेघा मारता?"

"एका बादलीच्या चाळीस."

"चाळीस?"

"बादलीत चाळीस गिलास मावतेत ना!"

वर्षा उठली आणि बादलीच्या मागे गेली. मीही गेलो. तो माणूस मोबाईलच्या दुकानात शिरला आणि अख्खी बादली कूलरमध्ये ओतली! वर मलाच म्हणतो, "या आजोबा, बसा हवेत. तुमच्या पाण्यानं लय गार लागते!"

"अन् आबा," वर्षा म्हणाली, "हा नळ बाकीच्या लोकायले दिसत नाही का? रांजण नसते तरी त्यायले पाणी भेटलंच असतं."

मी नळाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात गावाहून फोन आला. गयाबाई निंबाखाली भोवळ येऊन पडली होती. दवाखान्यात नेलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा तिला सलाईन लावलेलं होतं. मला पाहून म्हणाली, "भाऊ, मले वाटलं रांजण झाडाच्या मांगं ठेवले असशीन. दोन फेऱ्या मारल्या मी झाडाले."

मी तिच्या खाटेजवळ टेकलो.

"काहून हलवले रे?"

"बाजारात... लोक जास्त पेतेत म्हणून."

"मंग त्यायले माह्यापेक्षा जास्त तहान होती का?"

रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं सरळ विचारलं. "डोक्यावर टोपलं, हातात पिशवी. पाणी कुठं धरू? सुमनच्या रांजणाच्या भरोशावर निघतो मी घरून. विचारलं असतं तर सांगतलं नसतं का?"

मी बाहेर दवाखान्याच्या बाकावर येऊन बसलो. वर्षा माझा हात धरून बसली. पोरीनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी सोपी तेवढी उचलली. त्या दिवशी गयाबाई वाचली नसती तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी रांजण परत निंबाखाली नेले. रेघा बंद केल्या नाहीत, पण आता विचारतोही. कुठून आले, पुढे कुठं पाणी मिळतं, आणखी कुठं रांजण हवा? आता माझं बोलणं तुम्हाला ठाऊकच आहे. माझा प्रश्न अर्ध्यावर असतानाच लोक निघून जातात.

गयाबाई तेवढी थांबते. टोपलं खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकते. मग गिलास पुन्हा पुढे करून म्हणते, "भर भाऊ. तुया प्रश्न ऐकता ऐकता मले दुसऱ्यांदा तहान लागली!"