एका कर्नलच्या तीन संघटना

महिपती ओव्हाळ यांनी नारायण पेठेतल्या एका साप्ताहिकाच्या कात्रण विभागात सव्वीस वर्षं काढली आणि त्या काळात एकही कार्ड फाडलं नाही. माणूस मरो, पक्ष बुडो, कार्ड राहायचं. कोपऱ्यात तपासणाऱ्याची आद्याक्षरं असायची, म. ओ. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा मालकांनी कार्डांची कपाटं रद्दीवाल्याला दिली. ओव्हाळांनी आपली कात्री तेवढी कात्रजला घरी नेली.

२००८ साली खराडीतल्या एका कंपनीनं त्यांना वर्षाच्या करारावर घेतलं. परदेशी गुंतवणूकदारांना अस्थिर देशांच्या राजकारणाची माहिती पुरवणं हा तिचा धंदा. ओव्हाळांच्या वाट्याला पूर्व आफ्रिकेतला एक देश आला. गुप्ततेच्या अटीमुळे त्याचं नाव घेत नसत. सगळे त्याला 'सात नंबर' म्हणत. काम जुनंच होतं. कार्डाऐवजी संगणकावरची नोंद, आद्याक्षरांऐवजी 'तपासले' अशी एक चौकट. त्या चौकटीत खूण केली की नोंद पक्की. वर्षअखेर कायम करू, असं टीमलीडर निकितानं सांगितलं होतं. त्रेपन्नाव्या वर्षी 'कायम' हा शब्द घरात आल्यावर प्रेमलाबाईंनी नवऱ्यासाठी दोन शर्ट शिवायला टाकले.

सात नंबरच्या पुढाऱ्यांविषयी ओव्हाळांचं मत महिनाभरातच बनलं. अध्यक्ष दर पाच वर्षांनी आपली शेवटची निवडणूक लढवत. विरोधी पक्षनेते सरकारवर तुटून पडत, ते मंत्रिपद मिळेपर्यंत. बंडखोरांची तऱ्हा त्याहून हलकी: मुक्तीच्या नावानं गावं लुटायची, आणि वाटाघाटीला बोलावलं की हॉटेलातली खोली लहान म्हणून सभात्याग करायचा.

"यांच्यापेक्षा आपला नगरसेवक बरा म्हणायची पाळी आली," एकदा ते घरी म्हणाले.

"अगंबाई, इतके वाईट आहेत?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

त्या बंडखोरांत एक 'कर्नल' होता. सैन्याशी त्याचा संबंध बूट पुरवण्यापुरता. तेही पहिल्याच पावसात उसवले होते. त्याच्या भागातून तीन संघटनांची पत्रकं फॅक्सनं येत: आघाडी, सेना आणि परिषद. तिन्हींची लेटरहेडं निराळी, सरचिटणीस निराळे. अधूनमधून त्या एकमेकींचा निषेधही करत. कात्रण विभागाचा नियम ओव्हाळांच्या हाडीमाशी खिळला होता: नवं लेटरहेड, नवं कार्ड. त्यांनी तीन नोंदी केल्या आणि तिन्हींपुढे 'तपासले'ची खूण केली.

सहा महिन्यांनी त्या नोंदींखाली एक पुरावा जोडलेला दिसला. परदेशी दैनिकातली बातमी होती, 'तीन प्रबळ बंडखोर संघटना'. बातमीचा आधार काय, तर खराडीच्याच कंपनीचा अहवाल. आपलंच वाक्य परदेशी जाऊन पुरावा बनून परतलेलं पाहून ओव्हाळ अस्वस्थ झाले. त्यांनी फॅक्सच्या मूळ प्रती मागवल्या. स्कॅन करताना वरची एक ओळ कापली जात होती, आणि पाठवणाऱ्याचा नंबर त्याच ओळीत होता. तिन्ही संघटनांचा नंबर एकच. आघाडीचं पत्रक आणि सेनेनं केलेला त्याचा निषेध यांत सहा मिनिटांचं अंतर होतं. तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत तो नंबर एका गाद्यांच्या दुकानाचा निघाला. मालक, कर्नल.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते प्रती घेऊन तडक निकितासमोर उभे राहिले.

"निकिता मॅडम, चूक माझी आहे. या तीन संघटना नाहीत. एक माणूस आणि त्याच्या गाद्या आहेत. दोन नोंदी रद्द करा."

निकितानं कपाळाला हात लावला. "काका, आज सकाळची न्यूज वाचली नाहीत का? पीस डील झाली. ते परदेशी पेपरातलं कटिंग टेबलावर ठेवून तुमच्या कर्नलनं प्रत्येक संघटनेला एक मंत्रिपद मागितलं. मिळालीसुद्धा!"

"तिन्ही?"

"दोन मेहुण्यांना, एक स्वतःला. क्लायंट जाम खूश आहे. आपण सहा महिने आधीच सांगितलं होतं ना! आता तीन मंत्री आहेत म्हटल्यावर तीन संघटना आहेतच की."

"म्हणजे थाप मारली त्यानं आणि शिक्का मारला मी."

निकितानं ड्रॉवरमधून एक पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. त्यात ओव्हाळांना कायम केल्याचं पत्र होतं. "वर्षअखेरच्या नोंदींवर तेवढी टिक करा, मग या पत्रावर सही. कशाला वाढवताय?"

"एक टीप जोडा. तिन्ही एकच, एवढंच. मग करतो."

"क्लायंटला कन्फ्यूज नाही करायचं, काका."

ओव्हाळ जागेवर गेले. कर्नलच्या तिन्ही नोंदी उघडून त्यांनी पूर्वी केलेल्या खुणा एकेक करून काढल्या. निकिता त्या पुन्हा करील हे त्यांना ठाऊक होतं; पण त्या तिच्या नावानं होतील. मग पाकीट न उघडता तिच्या टेबलावर ठेवलं, डबा पिशवीत टाकला आणि ते बसथांब्याकडे चालू लागले.

कात्रजला दार उघडताच प्रेमलाबाईंनी विचारलं, "अहो, काय झालं? झालात कायम?"

"मी नाही. कर्नल झाला," ओव्हाळ चपला काढत म्हणाले. "तीन ठिकाणी."

प्रेमलाबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "शर्ट शिवून झालेत," त्या म्हणाल्या. "ते काही परत घेत नाहीत."