एक तास दहा मिनिटं

तीस वर्षं त्यांनी त्या दोन शहरांमध्ये बस चालवली होती. सातशे चाळीस किलोमीटर, चौदा तास. त्यामुळे त्या सकाळी पलीकडच्या शहरातून जावयाचा फोन आला तेव्हा ड्रायव्हरकाकांच्या डोळ्यांपुढे आधी रस्ताच आला.

"बाबा, हिचं बीपी फार वाढलंय. आठवाच महिना आहे, पण आज चारला ऑपरेशन करावंच लागेल म्हणतात."

"आई आहे ना जवळ?"

"आहेत. पण ही सारखी तुम्हालाच विचारतेय. दीडच्या विमानाचं तिकीट काढलंय. पावणेपाचशे किलोमीटर, एक तास दहा मिनिटं."

अडीचशेच्या वर किलोमीटर गेले कुठे? घाट नाही, नदीला वळसा नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं ते विमानतळाच्या दारात. आत गेल्यावर कळलं, विमान पाऊण तास उशिरा सुटणार. काकांनी गाडी कधी पाच मिनिटंही उशिरा काढली नव्हती. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी विचारलं, "पोरी, वाटेत वेग वाढवून वेळ भरून काढतात का गं?"

ती हसली नाही. "थोडाफार काढतात, काका."

विमानात बसले तोच बायकोचा फोन आला. "अहो, तिला आत नेलं. चारपर्यंत थांबत नाहीयेत."

"का? काय झालं?"

"सांगत नाहीत हो कुणी..."

पण फोन बंद करायची सूचना झाली होती.

बसने चौदा तास लागले असते, पण दर थांब्यावर फोन तरी करता आला असता. इथे खाली नुसते ढग. त्यातच धावपट्टी मोकळी नाही म्हणून विमान घिरट्या घालू लागलं, तसा काकांचा जीव टांगणीला लागला. उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जात होता.

"बरं वाटत नाहीये का?" शेजारच्या गृहस्थांनी विचारलं.

"लेकीचं ऑपरेशन चालू आहे."

गृहस्थांनी पुढच्या रांगेला सांगितलं, त्या रांगेने तिच्या पुढच्या. विमान टेकलं आणि कुणीच उठलं नाही. शेवटच्या थांब्यावर माणसं बसून राहिलेली काकांनी जन्मात पाहिली नव्हती. मान खाली घालून ते त्या मोकळ्या वाटेने भराभरा बाहेर पडले.

बायको फोन उचलेना. टॅक्सीने शहर ओलांडायलाच तास गेला. दवाखान्याचे तीन जिने चढून ते वर पोचले, तर बायको बाकावर बसलेली. तिचा चेहरा बघायचा धीरच होईना.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "पावणेदोन किलोची. काचेत ठेवलीय, पण श्वास स्वतःचा स्वतः घेतेय."

"आणि आपली?"

"बीपी अजून उतरलं नाही. दोन दिवस धोक्याचे म्हणतात. पण शुद्धीवर आलीय."

काका आत गेले तसे लेकीने डोळे किलकिले केले. "बाबा? किती वाजले?"

"पाच."

"मग एवढ्यात आलात कसे?"

काकांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. नर्सने दोनदा बाहेर जायला सांगितलं, तरी तो त्यांनी काढला नाही.