वाळूतलं बेणं

बेणेकाकूंना त्यांचं खरं नाव विचारलं, तर त्यांनाच क्षणभर आठवावं लागे. सगळं बेट त्यांना बेणेकाकू म्हणे, आणि त्याचं कारण त्यांच्या स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत होतं. तिथे कोरड्या वाळूत कंदाचं बेणं पुरलेलं असे. बोटाएवढे, डोळे धरलेले लहान कंद, पुढच्या लावणीसाठी राखलेले. काकू मधूनमधून वाळूत हात घालून एकेक चाचपायच्या. कुजका लागला की बाहेर. कुणाचं बेणं उंदरांनी खाल्लं, कुणाचं ओलीने गेलं, की तो टोपली घेऊन काकूंच्या दारात. "आलास? वर्षभर झोपा काढल्यास, आता जाग आली का? माझ्याकडे काही नाही, जा!" असं खडसावून काकू टोपली शिगोशीग भरून द्यायच्या. बोलणी खाल्ल्याशिवाय त्यांच्या दारातून बेणं मिळाल्याचं कुणाला आठवत नाही, आणि रिकाम्या हाताने परतल्याचंही नाही.

बेटाचं पोट पिढ्यान् पिढ्या या कंदावर चाललं. पर्यटक आधी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. मग कुणीतरी त्याचे फोटो काढले आणि पाहुण्यांना एकदम साक्षात्कार झाला. आता किनाऱ्यावरच्या हॉटेलांत तो काळ्या बशीत, सालीसकट भाजून, वर मीठ भुरभुरून मिळू लागला. मोठे कंद त्यांना नकोत, त्यात दोरे असतात म्हणे. छोटे, कोवळे, नाजूक हवेत. म्हणजे नेमके बेण्याचे! वर्षभर जिवापाड राखलेलं पाहुणे दोन घासांत संपवत, आणि पोट भरलं नाही म्हणून वर पाव मागत. पाव बेटावरचेही खात होतेच, कारण कंद विकायला परवडे, खायला नाही.

काकूंचा मुलगा टेम्पोने घरोघरचे कंद हॉटेलात पोचवी. "मोठे काय न्यायचे ते ने," काकू त्याला बजावत, "बेण्याला हात लावू नकोस." तो हो म्हणे. हो म्हणायला काय लागतं?

लावणी तोंडावर आली तेव्हा एका दुपारी काकू खोलीत गेल्या. वाळू नेहमीसारखी सारखी केलेली होती. त्यांनी हात घातला, तो थेट फरशीला टेकला. दुसरीकडे घातला, तिथेही फरशी. मग त्यांनी गुडघ्यांवर बसून सगळी वाळू उपसली. एकही कंद निघाला नाही.

मुलगा अंगणात टेम्पो धूत होता.

"खोलीत कोण गेलं होतं?"

त्याने नळ बंद केला. "मी."

"सगळं नेलंस?"

"परवा दोन बस भरून पाहुणे आले, आई. माल कमी पडला. हॉटेलवाला म्हणाला, आज आणला नाहीस तर उद्यापासून दुसरा टेम्पो लावतो. मग मी काय करायचं होतं? आणि बेणं काय, कुणीही देईल आपल्याला. जन्मभर सगळ्यांना वाटत आलीस. एकदा तू माग की."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?" त्याचा आवाज चढला. "वादळाचं ते वर्ष आठवतं? बोट येत नव्हती. मी आणि ताई पाला उकडून खात होतो, आणि ही खोली भरलेली होती. ताई रडून रडून झोपायची. तेव्हाही तू हात लावू दिला नाहीस. आपली पोरं उपाशी, आणि बेणं सुखात!"

काकूंकडे उत्तर होतं. त्या बेण्यानेच पुढच्या वर्षी साऱ्या बेटाच्या चुली पेटल्या होत्या. पण बरोबर असलं तरी ते उत्तर भुकेल्या पोराला देण्याजोगं नव्हतं, आणि समोरच्या दाढीवाल्या माणसात त्यांना आत्ता तेच पोर दिसत होतं. त्यांना त्याचा संताप आला होता आणि त्याची कीवही आली होती. त्यांनी टोपली उचलली.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. पण मागायची सवय नसलेल्या माणसाला ते कसं जमावं? समोरच्या शिंपीणबाईच्या दारात काकूंनी टोपली पाठीमागे धरली.

"अगंबाई, काकू! उद्या मीच येणार होते तुमच्याकडे," शिंपीणबाई म्हणाली. "आमचं बेणं यंदा सगळं विकलं. तुमच्या मुलानेच नेलं की! भाव चांगला आला, हे बघा, नवीन मशीन घेतलं. म्हटलं, आपल्याला काय चिंता, काकूंची खोली आहे."

"माझ्याकडे नाही गं. एकसुद्धा नाही."

शिंपीणबाई खो खो हसली. "झालं तुमचं सुरू! बोला, बोला, घेते ऐकून." आणि तिने कोपऱ्यातली आपली टोपली काकूंच्या हातात दिली. "ही आत्ताच घेऊन जा, माझा एक फेरा वाचेल." काकूंनी पुन्हा सांगितलं. शिंपीणबाई पुन्हा हसली.

नावाड्याने बेणं विकून होडीचं इंजिन दुरुस्त केलं होतं. "तुमच्या भरवशावर विकलं, काकू," तो म्हातारा मोठ्या विश्वासाने म्हणाला. आणि त्यानेही आपली रिकामी टोपली काकूंच्या हातात दिली. पुढे शाळेतल्या शिपायाच्या बायकोने तर टोपली आधीच धुऊन दाराशी ठेवली होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा! ज्याने त्याने काकूंच्या जिवावर आपलं बेणं विकलं होतं, आणि काकूंच्या मुलाने सगळ्यांच्या जिवावर काकूंचं.

त्या परतल्या तेव्हा मुलगा दारातच उभा होता. आईच्या हातात एकात एक घातलेल्या टोपल्या बघून त्याचा चेहरा उजळला.

"बघ! मी म्हटलं नव्हतं? एक टोपली घेऊन गेलीस आणि चार घेऊन आलीस. देतात लोक, आई."

काकूंनी टोपल्या त्याच्या पायाशी ठेवल्या. त्याने वाकून पाहिलं.

"रिकाम्या आहेत गं."

"हो," काकू म्हणाल्या. "आपल्याकडून भरून मागितल्यात."