करुणाचा भाऊ, माझ्या कागदावर

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला लिहून सांगतेय, कारण समोर बसलेल्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

बदलापूरला तरुणांसाठी वर्षभराचा लीडरशिप प्रोग्राम होता. पहिल्या दिवशी मेंटर भेटणार होते, आणि तिथली भेटायची रीत न्यारीच. प्रत्येकाने चार्ट पेपरवर आपल्या आयुष्याची रेघ काढायची — सुख तिथे वर, दुःख तिथे खाली — आणि भिंतीवर चिकटवायची. मेंटर हॉलभर फिरणार, ज्या रेघेपाशी थांबतील ते पोर वर्षभर त्यांचं.

माझी रेघ सरळ. कॅम्प पाच वसाहतीतलं घर, अंबरनाथच्या कंपनीत बाबा, दहावीला बरे मार्क. दुःख आणू कुठून? आजूबाजूच्या रेघा धडाधड खाली उतरत होत्या. माझ्यापाशी कोण थांबणार? हसू नका — मला तेव्हा सुखाची खरंच लाज वाटली.

शेजारी करुणा, माझी कॉलेजातली मैत्रीण, सोनिवली गावची. तिचा धाकटा भाऊ जांभूळ गावाजवळ नदीत बुडाला होता. हे तिने आठवड्यापूर्वी सांगितलं होतं — फक्त मला. ती अजून पेनाचं टोपण चावत होती. आणि मी... मी माझी रेघ खाली ओढली. लिहिलं — भाऊ गेला, नदीत, वय नऊ.

मला भाऊ नाही. कधीच नव्हता.

करुणाने वाचलं. वाटलं, आता ओरडेल. ती वाकली आणि तिच्या पेनाने माझा नऊ खोडला. "नव नाय. आठ वर्सांचा होता," एवढंच म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मग तिने स्वतःच्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली आणि पेन ठेवलं.

मेंटरांपैकी शैलाताई माझ्यापाशी थांबल्या, डोळे पुसत. करुणाच्या रेघेपाशी कुणीच नाही. तुला नंतर बघू, असं तिला सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी फोनही केला नाही. भ्याले म्हणून? हो — पण खरं सांगू का, मला हायसं वाटलं होतं.

पुढे शैलाताईंनी विचारलं, तो दिसतो का गं तुला? मी थाप मारली — दिसतो, दारात, ओल्या चड्डीत. त्यानंतर तो दिसायला लागला. भर दुपारी, मी कपडे वाळत घालत असताना. आत येत नाही, बोलत नाही. दारातली लादी तेवढी ओली असते. मी पुसते.

आज मी जी नोकरी करते, ती शैलाताईंच्या शब्दावर मिळाली. सगळे म्हणतात, पोरीने दुःख गिळून नाव काढलं.

परवा बाजारात करुणा भेटली. जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. आम्ही चहा प्यायलो, तिने बाबांची चौकशी केली. निघताना सहज म्हणाली, "आईच्या सपनात यायचा तो. त्या दिसापासून नाय आला. तुझ्याकडंच हाय ना?"

मी हो म्हणाले. एका आईला तिचं मूल दिसायचं, तेवढंही मी काढून आणलं.