मॅलकी मामाची होडी

फेस्टस गॅव्हिनला कामाला सुरुवात करताना गावात पुष्कळांनी पाहिलं होतं. संपवताना कुणीच नाही. बांधाचे दगड रचायला घेतले, तर मधे एवढं खिंडार सोडलं की मेंढ्यांना वळसासुद्धा पडू नये.

अशा माणसाला त्याच्या मॅलकी मामाची होडी हवी होती. मॅलकीने ती स्वतः फळ्या वाकवून बांधलेली. आता त्याचे खांदे गेले होते. तो म्हणाला, "एक दिवस माझ्याबरोबर ये. मग ठरवतो, द्यायची की नाही."

मे महिना होता. कॉरिब सरोवराच्या पाण्यातून माश्या उठत होत्या आणि ट्राउट मासे त्या टिपायला वर येत होते. अशा वेळी होडी वाऱ्यावर आडवी सोडतात आणि वाहता वाहता पुढ्यात गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी फेकत राहतात. पुन्हा सुरुवातीच्या जागी जायचं ते काठाने, लांबून. मधून गेलं की मासे बुजतात आणि मागच्या होड्यांचा दिवस वाया जातो.

पहिली खेप संपताच फेस्टसने इंजिन सुरू केलं आणि होडी सरळ मधून घातली.

"काठाने घे," मॅलकी म्हणाला.

"मामा, केवढा वळसा पडतो."

"वळसा इंजिनाला पडतो. तू नुसता बसलायस."

फेस्टस हसला. वाटेतल्या होड्यांवरच्या माणसांनी गळाच्या दोऱ्या गुंडाळल्या. त्यांतला कोलमन लायडन उभा राहिला. "मॅलकी, भाच्याला पोस्टात लावलंस का? दारोदार फिरतोय." मॅलकीच्या होडीकडे बघून आजवर कुणी असं बोललं नव्हतं. मॅलकीने मान वर केली नाही.

पुढच्या खेपेला फेस्टस सँडविचचा कागद सोडत बसला. त्याची माशी पाण्यात नुसती लोंबत होती. तीच एका भल्या मोठ्या ट्राउटने गिळली.

"बघा मामा. वळसा घेतला असता तर हा मिळाला असता का?"

"तुझ्याच जातीचा आहे. तोंडाशी आलेलं खाणारा."

परतताना इंजिन बंद पडलं. पेट्रोल भरायचं काम फेस्टसचं होतं. त्याने वल्ही घेतली, थोडी मारली आणि तळहात पुढे केला. "फोड आलाय." तळहात लोण्यासारखा होता.

मॅलकीने वल्ही घेतली. दर ओढीला त्याचे दात आवळले जात होते. फेस्टसने उरलेलं सँडविच संपवलं.

धक्क्यावर कोलमन दोर बांधत होता. मॅलकी म्हणाला, "ही होडी तुझी."

"मला आहे रे एक."

"मग दोन झाल्या."

"अहो मामा, मग मी उद्या कशातून जाऊ?" फेस्टसने विचारलं.

"माझ्याबरोबर ये," कोलमन म्हणाला. "वल्ह्यांवर जागा रिकामी आहे."

फेस्टस गेला नाही. पबमध्ये मात्र तो अजून सांगतो की, म्हातारा त्या माशावर जळला.