डावा कोपरा : रत्नागिरी ते हर्णे, किनाऱ्याच्या रस्त्यानं

मी जन्माची भित्री. घाटात गाडी चालवताना गाणी लावत नाही. फेरीबोटीवर चढले की आधी बचावाच्या ट्यूबा कुठे टांगल्यात ते बघते. आणि दादाचा सामना असला की मैदानाकडे पाठ करून शेंगा खात बसते. तरीही या जानेवारीत मी एकटीनं कोल्हापूरहून गाडी काढली. घरी बसून घाबरण्यापेक्षा समोर जाऊन घाबरलेलं बरं, एवढाच हिशोब होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ संदेश. रत्नागिरीतल्या एका कारखान्याच्या कबड्डी संघातून व्यावसायिक गटात खेळतो, डाव्या कोपऱ्यावर. त्यांचा यंदाचा मोसम ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. या संघात धड चढाई करणारे दोघंच, आणि तेही बेतास बात. पण पकडी अशा, की समोरचा आत आला की त्याला परतीची वाट सापडेना. डाव्या टोकाला दादा, त्याच्या शेजारी गुहागरचा विजय, आणि दोघांच्या हातांची साखळी. विजयनं दादाचा उजवा हात धरलेला असायचा. चढाई करणाऱ्यानं त्या कोपऱ्यात पाय टाकला की दादा हात सोडवून घोट्यावर झेप घ्यायचा आणि मागून विजय अंगावर पडायचा. अशा पकडींवर हा संघ एकामागून एक स्पर्धा जिंकत हर्णेच्या अंतिम सामन्यापर्यंत आला होता.

मग भीती कसली? लांज्याच्या स्पर्धेत एका चढाईपटूचा गुडघा दादाच्या मानेवर बसला. तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर. मीच त्याला कोल्हापुरात डॉक्टरांकडे नेलं होतं. मानेतली चकती शिरेवर दाबतेय, ऑपरेशन करावं लागेल, तोवर खेळ बंद, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. असाच आणखी एक मार बसला तर हात जाईल, कदाचित मानेखालचं सगळंच. बाहेर आल्यावर दादानं मला आईची शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही.

"एक सामना गो," तो म्हणाला. "मग कापू देत काय कापायचा ता."

त्याचंही खोटं नव्हतं. संघातली निम्मी पोरं कंत्राटावर, दादाही. हर्णेचा करंडक आणलात तर कंत्राटी खेळाडूंना कायम करू, असा कारखान्याच्या साहेबांनी शब्द दिला होता. दादा तेहेतीस वर्षांचा आहे. पुढचा मोसम त्याला कोण देतो?

तर पहिला दिवस. कोल्हापूरहून सकाळी लवकर निघा, म्हणजे मलकापूरला चहा आणि आंबा घाटात धुकं, दोन्ही मिळतं. मला धुकं नको होतं, पण ते मागून मिळत नाही आणि टाळून टळत नाही. घाट उतरला की साखरप्यापासून हवा दमट होते आणि पुढे रस्त्याच्या कामाची लाल धूळ काचेवर बसते. पाण्याची बाटली काच धुवायला वेगळी ठेवा. हातखंब्याला मी वडापाव खायला थांबले. शेजारच्या बाकावर दोन माणसं कबड्डीवरच बोलत होती.

"त्या डाव्या कोपऱ्यात पाय घातलान तो गेला. आखा सीजन तेच बघतोय."

"या टायमाला नाय जायचा. हर्णेत समोरच्या टीमनं मुंबयसून एक आणलानी हाय. मांडी अशी हाय त्याची. पकडायला खाली वाकलास की मान मोडतो."

बोलणाऱ्यानं मान हा शब्द सहज वापरला असणार, पण मी उरलेला वडापाव कागदात गुंडाळून उठले.

रत्नागिरीत एस. टी. स्टँडजवळच्या साध्या लॉजमध्ये उतरले. स्वच्छ आहे, भाडं परवडणारं, फक्त खोली मागच्या बाजूची मागा. संध्याकाळी दादा आणि विजय भेटायला आले. खानावळीत सुरमई आणि सोलकढी मागवली. दादा डाव्या हातानं जेवत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "खांदा जरा धरलाय." विजय ताटात बघून जेवत राहिला.

दुसरा दिवस म्हणजे या प्रवासाचा जीव. संघाची बस चिपळूणवरून जाणार होती. पण आमचं घर बुरोंडीला, हर्णेच्या अलीकडे. दादाला सामन्याआधी आईच्या हातचं जेवायचं होतं म्हणून प्रशिक्षकांनी त्याला आणि विजयला माझ्याबरोबर सोडलं. तुम्ही जाल तेव्हा याच रस्त्यानं जा. आरे-वारेच्या वळणावर समुद्र एकदम पायाखाली येतो. मालगुंडच्या पुढे आंब्यांना मोहोर आला होता, काच खाली केली की गाडीभर वास. जयगडला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे तवसाळला उतरायचं. तिकीट फार नाही, सुट्टे ठेवा. बोटीवर गाडी उलटी घ्यायला सांगतात, तेव्हा मी दर वितीला ब्रेक दाबत होते. खलाशी ओरडला, "येव द्या, येव द्या, बाई, समुद्रात नाय जात!"

दादा मागच्या सीटवर झोपला होता. मी आणि विजय कठड्याशी उभे राहिलो.

"ताई," तो म्हणाला, "त्याच्या उजव्या हाताला काय झालाय?"

मी कठड्यावरचा गंज नखानं खरवडू लागले.

"आमचा इशारा हातातच असतो. मी बोटं एकदा दाबली की थांब, दोनदा दाबली की जा. लांज्यापासून मी दाबतो, आणि तो वळून माज्या तोंडाकडं बघतो. मग जातो. त्याला कळतच नाय, ताई."

शपथ घातलेली होती. मी तोंड उघडलं नाही, पण डोळे भरून आले ते काही मला थांबवता आले नाहीत.

"बरा," विजय म्हणाला. "समजला मना."

"प्रशिक्षकांना सांगशील?" मी कसंबसं विचारलं.

"सांगितला तर बाहेर बसवतील. मग हा जन्मात माज्याशी बोलायचा नाय." मग तो म्हणाला, "आणि मी पण कंत्राटावरच हाय."

याच्याही घरी चूल आहे, हा काही करणार नाही, असं मी मनात धरलं. पुढे गुहागर आलं, नारळी-पोफळीच्या सावलीतला तो सुंदर रस्ता आला, धोपाव्याहून दाभोळची दुसरी फेरी आली. फोटो काढलेत, पण त्यातला एकही मला धड आठवत नाही.

बुरोंडीत आई वाटच बघत होती. "काय गो, वाळलीस किती," हे मला, आणि दादाला नुसतंच पाठीवरून हात. कुळथाची पिठी, भात, तळलेली मांदेली. जेवण झाल्यावर तिनं आम्हाला देवळात नेलं. आमच्याकडे मोठ्या कामाआधी ग्रामदेवीला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. देवीला सगळं बोलून सांगायचं, नावागावासकट. ते गुरवानं घालायचं, पण आईला दम निघत नाही. गुरव बोलत असतानाच ती मध्येच मोठ्यानं म्हणाली, "बाय माजे, ह्या दोघांची साखळी तुटू देव नको. हातातला हात सुटू देव नको." गुरव हसला. "व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. मला तिथेच ओरडावंसं वाटलं की आई, हे मागू नकोस, दुसरं काहीतरी माग. पण शपथ तिच्याच जिवाची होती.

हर्णेला पोचलो तेव्हा बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. पाहाच. होड्या लागतात, टोपल्या वाळूत उतरतात, बायका मोठ्यानं बोली लावतात. सुकी मासळी घ्यायची असेल तर इथेच घ्या, डब्याला झाकण घट्ट हवं. मैदान तिथून जवळच. चोपून चोपून केलेली लाल माती, कडेनं बांबूचे अडसर, आणि अख्खा गाव. मी पहिल्यांदाच पाठ न करता बसले. शेंगा हातातच राहिल्या.

तो मुंबईचा चढाईपटू मी लगेच ओळखला. हातखंब्याच्या माणसानं मांडीचं खोटं सांगितलं नव्हतं. पहिल्या चढाईलाच दादानं त्याचा घोटा धरला आणि विजय पडला. मैदान दणाणलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या पकडीनंतर दादा लवकर उठला नाही. उठला तो उजवा हात झटकत, जणू त्याला मुंग्या चावल्यात. मी उभी राहिले. शेजारची कोळीण म्हणाली, "बस गो बाय, तुजा कोन हाय काय?" मी म्हटलं, "भाऊ." तिनं माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

मध्यंतरानंतर समोरचे गुणांत जवळ आले. आमची पोरं चढाईला जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. शेवटची चढाई राहिली तेव्हा गुण सारखे होते. चढाई त्यांची, आणि आला तोच. त्याला परत जाऊ दिलं नाही तर करंडक आपला, हे लहान पोरालाही कळत होतं. त्यानं आमच्या उजव्या बाजूला हूल दिली, वळला, आणि पाय सरळ डाव्या कोपऱ्यात घातला. अख्ख्या मोसमात दादानं ज्या पायावर झेप घेतली होती, तोच पाय तसाच, हाताच्या अंतरावर. गुडघा वर उचललेला. दादा मान खाली घालून वाकला.

आणि जागचा हलला नाही.

विजयनं त्याचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. दादा हिसका देत होता, विजयनं पाय मातीत रोवले होते. मोसमातली सगळ्यात घट्ट पकड त्यानं आपल्याच माणसावर टाकली होती. चढाईपटूनं वाकून विजयच्या पाठीला हात लावला आणि चालत रेषा ओलांडून गेला. शिट्टी झाली तरी विजयनं हात सोडला नाही.

त्यानंतर लोक जे बोलले ते इथे लिहीत नाही. प्रशिक्षकांनी विजयला विचारलं, "झोपलावतास काय रे?" तो म्हणाला, "चुकला." एवढंच. दादानं त्याच्याकडे बघितलं नाही आणि तो बसमध्ये बसून निघून गेला. मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. मी मैदानाच्या कडेला बसून ढसाढसा रडले आणि मग हातातल्या सगळ्या शेंगा खाल्ल्या.

परतीला बुरोंडीत आईकडे रात्र काढून दापोली, खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट आणि कराड असा रस्ता घेतला. कुंभार्लीत वळणं अवघड आहेत, दिवसाउजेडी चढा. घाटात मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही, कारण ती सगळी हर्णेला संपली होती. निघताना आईनं सुक्या बोंबलांचा डबा दिला. "देवीनं ऐकला नाय गो," ती म्हणाली. मी डबा नीट बंद केला.

कायम कुणीच झालं नाही. विजयला पुढच्या मोसमासाठी बोलावणं आलेलं नाही. ऑपरेशनचा दिवस ठरला, तेव्हा दादाला मी सांगून टाकलं की विजयला हाताचं त्याचं त्यालाच कळलं होतं, मी एक शब्द बोलले नव्हते. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

ऑपरेशन झाल्यावर काल त्याचा पुन्हा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "त्या विज्याचा नंबर हाय काय तुज्याकडं? माज्या मोबाईलमधून मी उडवला होता."

"आहे. कशाला?"

"शिव्या घालायच्यात. मनगट दुखताय अजून."

"कुठलं?"

"उजवा," दादा म्हणाला.